बत्तीस मिलिमीटरचं क्वार्टर

दिल्लीत नव्या माणसाची ओळख करून घेताना आडनाव, गाव असल्या किरकोळ चौकशांत कुणी वेळ घालवत नाही. थेट विचारतात, "कौनसा टाइप मिला है?" सरकारी क्वार्टरांचे इथे टाइप एकपासून टाइप आठपर्यंत प्रकार आहेत. टाइप कळला की माणसाचा पगार, ज्येष्ठता, घरी येणाऱ्या माळ्यांची संख्या आणि कुत्र्याची जात हे सगळं आपोआप कळतं. टाइप दोनच्या माणसाने टाइप पाचचं स्वप्न बघायचं नसतं. टाइप सहाच्या माणसाला टाइप तीन देऊ केलं तर तो घर बघायलासुद्धा जात नाही, फाइलवर दोन ओळी लिहितो आणि रजेवर जातो.

पक्ष्यांचं अगदी असंच आहे. फरक इतकाच, की त्यांचा टाइप खोल्यांच्या संख्येवर ठरत नाही, दाराच्या भोकावर ठरतो, आणि ते भोक मिलिमीटरमध्ये मोजायचं असतं. हे ज्याला कळलं त्याला पक्ष्याला घर देता येतं. बाकीच्यांना फक्त विकत घेता येतं.

या विषयाचा विचार करायला कोपर्निकस मार्गासारखी दुसरी जागा नाही. पूर्वी हा लिटन रोड होता. मंडी हाउसच्या गोल चक्करपासून निघून इंडिया गेटच्या बाजूला जाणारा हा रस्ता चालायला फार नाही, पण राहण्याची सोय या विषयात त्याचा हात धरणारा रस्ता देशात सापडायचा नाही. दूरदर्शनचं मुख्यालय इथे, कमानी सभागृह इथे, आपलं जुनं महाराष्ट्र सदन इथे, पंजाब भवन इथे, हरियाणा भवनही इथेच. राज्याच्या सदनात खोली मिळवायची म्हणजे पत्र लागतं, पत्रासाठी ओळख लागते, ओळखीसाठी कुणाचा तरी पीए लागतो, आणि पीए फोन उचलत नाही. त्यामुळे या रस्त्यावर हातात बॅग घेतलेला आणि कानाला मोबाइल लावलेला एक तरी मराठी माणूस कोणत्याही वेळी उभा असतो. त्याच्या डोक्यावरच्या झाडात कुणी पत्राविना राहतंय, हे वर बघण्याइतकी त्याची मान मोकळी नसते.

आता गंमत बघा. ज्यांची सदनं या एका रस्त्यावर आहेत त्या तिन्ही राज्यांनी स्वतःचे राज्यपक्षी जाहीर केले आहेत, आणि या तिघांपैकी एकालाही घराची गरज नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. हा दिल्लीतही असतो. वड-पिंपळाची फळं पिकली की नवी दिल्लीतल्या जुन्या झाडांवर थव्याने येतो, पानांत असा मिसळतो की खाली फळं पडायला लागल्यावरच वर कुणी आहे हे कळतं. पाय पिवळेधमक, पण जमिनीला सहसा लावायचे नाहीत. प्रतिनियुक्तीवर दिल्लीत आलेल्या अधिकाऱ्याला शोभेल अशी ही वागणूक आहे. घरटं म्हणाल तर चार काटक्या आडव्या, चार उभ्या, इतकंच. बांधकाम खात्याच्या माणसाने पाहिलं तर तो याला घरटं म्हणणार नाही, 'काम प्रगतिपथावर' म्हणेल.

पंजाबचा बाज. तो विणीला हिमालयातल्या उंच जंगलांत जातो आणि तिथल्या झाडावर काटक्यांचा मोठा ढीग रचतो. त्याला बाल्कनीत टांगलेली लाकडी पेटी दाखवणं म्हणजे राज्यपालांना लॉजिंग-बोर्डिंगची पाटी दाखवणं. हरियाणाचा काळा तित्तिर. तो गवतात, जमिनीवर अंडी घालतो. त्याला वरचा मजला दिलात तरी तो तळमजलाच मागणार. म्हणजे तीन भवनं, तीन पक्षी आणि पेटीसाठी अर्ज एकाचाही नाही. अर्ज आहे तो यजमानाचा. दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला आपला राज्यपक्षी केलं, आणि या चौघांत भोकाच्या घरात राहणारी तेवढी ती एकटी. पाहुण्यांना भवनं आहेत आणि घरची माणसं प्रतीक्षायादीवर आहेत. दिल्लीकराला यात नवल वाटणार नाही.

चिमणीच्या घरांचा बाजार मार्चमध्ये तेजीत येतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. तो २०१० पासून साजरा होतो, आणि त्यामागे आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची 'नेचर फॉरेव्हर सोसायटी' आहे, ही गोष्ट दिल्लीत सांगताना माझी छाती उगीचच दोन इंच फुगते. त्या सुमाराला मंडी हाउसच्या आसपास फुटपाथवर पेट्या दिसू लागतात. गुलाबी भिंती, निळं पत्र्याचं छप्पर, वर खोटी चिमणी, म्हणजे धुराडं. पुढे बोटभर उंचीचं पांढरं कुंपण. दारावर 'होम स्वीट होम'. दाराखाली एक दांडी, बहुधा चिमणरावांना संध्याकाळी पेपर वाचत बसायला.

मी विकणाऱ्याला विचारलं, "ये किस चिड़िया के लिए है?"

"सबके लिए, साहब."

"उल्लू के लिए भी?"

त्याने मला नीट न्याहाळलं आणि मागे वळत म्हणाला, "आपके लिए बड़ा वाला दिखाता हूँ."

या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पेटी कुणासाठी बनवायची हे त्याला बरोबर कळलंय. ती विकत घेणाऱ्यासाठी बनवलेली असते. ज्याच्या नावाने हा रस्ता आहे त्या कोपर्निकसने १५४३ साली ग्रंथ छापून पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून उठवलं, आणि पृथ्वीबरोबर आपल्यालाही. पण ही बातमी अजून पक्ष्यांच्या घरांच्या धंद्यापर्यंत आलेली नाही. तिथे मध्यभागी अजून माणूसच बसलाय, आणि चिमणीने त्याच्या पडद्यांच्या रंगाला साजेशा घरात येऊन त्याच्याभोवती फिरावं अशी त्याची इच्छा आहे.

आपलं मराठी माणसाचं आणखीच अवघड. पक्ष्यांच्या घरबांधणीचं आपलं शिक्षण तीन वर्षांचे असताना, भाताचा घास तोंडात असताना पूर्ण होतं. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला की शेणाचं वाहून जातं, मेणाचं टिकतं. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाची एकेक कामं सांगून त्याला बाहेर ताटकळत ठेवते. या गोष्टीत पक्षिशास्त्र औषधालाही नाही. कावळ्याने आजवर शेणाने काही बांधलेलं नाही. तो काटक्यांचं घरटं करतो आणि त्यात तारासुद्धा घालतो. चिमणी मेणाच्या वाटेला जात नाही. आणि ओळखीच्याला दाराबाहेर उभं करून आतून कामं सांगत राहणं ही पद्धत पक्ष्यांची नसून मंत्रालयाची आहे.

पण शेणाच्या भिंतीला हसू नका. या रस्त्याच्या परिसरातल्या जुन्या झाडांवर एक पक्षी असतो, राखी धनेश. भलीमोठी वाकडी चोच, वर छोटं शिंग आणि 'ची-ऊऽऽ' असा घारीसारखा आवाज. याची मादी विणीच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. गिलाव्यासाठी ती मुख्यतः स्वतःची विष्ठाच वापरते. तो वाळला की असा कडक होतो की सरकारी कंत्राटदाराने येऊन शिकावं. मधे फक्त एक उभी फट ठेवायची. त्या फटीतून नर बिचारा कित्येक आठवडे एकेक फळ आत सरकवत राहतो. आत ती पिसं गाळते, अंडी उबवते, पिल्लं वाढवते. बाहेर तो नोकरी करतो. गोष्टीतल्या चिमणीने कावळ्याला जितका वेळ थांबवलं त्याच्या कितीतरी पट वेळ हा थांबतो, आणि तेही डबा घेऊन. आता सांगा, धनेशाला कुंपण आणि धुराडं असलेली पेटी काय कामाची? त्याला मोठ्या झाडाचा जाड, म्हातारा बुंधा लागतो, ज्यात ढोली व्हायला काही दशकं गेलेली असतात. टाइप आठ म्हणतात तो हाच, आणि त्यातलं नवं बांधकाम बंद आहे.

आता वाटपाचे नियम. चिमणीला दार ३२ मिमी, फार तर ३५. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं, म्हणजे त्याच्या कडेने जेमतेम पाच मिलिमीटरची मोकळीक. आत सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तळ, आणि दार तळापासून १२ ते १५ सेंटिमीटर वर, म्हणजे पिल्लू हौसेने वाकलं तरी खाली पडत नाही. लाकूड निदान बोटभर जाड, आतून न तासलेलं, कारण पिल्लांना चढायला खरखरीत भिंत लागते. आपण नेमकं बाहेरून खरखरीत ठेवून आतून पॉलिश करतो. युरोपात याहून बारीक टाइप आहेत. तिकडच्या निळ्या टोपीच्या इवल्या 'ब्लू टिट'ला २५ मिमी, तिच्या मोठ्या बहिणीला २८. तिकडच्या लोकांनी या भोकांच्या याद्या छापल्या आहेत आणि त्या ते आपल्या रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त श्रद्धेने पाळतात.

साळुंकीला सुमारे ५० मिमी लागतं, आणि सगळी भांडणं इथेच सुरू होतात. पेटी विकणारे भोक ५० मिमीचंच पाडतात, कारण त्यांच्या ड्रिलला तेच पातं असतं. मग चिमणीसाठी टांगलेल्या घरात साळुंकी शिरते. पिवळी चोच, डोळ्यांभोवती पिवळं, चाल ठाणेदाराची. तिने ताबा घेतला की चिमणीने बाहेरच्या तारेवर बसून निषेध नोंदवायचा. दिल्लीत अनधिकृत ताबा काढायला किती वर्षं लागतात हे चिमणीलाही माहीत असावं, ती दोन दिवसांत नाद सोडते. नियम साधा आहे. दार जितकं मोठं तितका भाडेकरू दांडगा.

पोपटाला याहून मोठं दार लागतं आणि ते उंचावर हवं. तो बहुतेक वेळा दुसऱ्याने कोरलेलं भोक चोचीने रुंद करून घेतो, म्हणजे आधी ताबा, मग वाढीव बांधकाम, मग नियमितीकरण. पिंगळ्याला ७० मिमीच्या आसपासचं दार. हे बुटकं घुबड दिवसाढवळ्या ढोलीच्या तोंडाशी बसून तुमच्याकडे असं बघतं की आपण ओळखपत्र विसरलोय असं वाटतं. दयाळाला पुढून अर्धं उघडं घर चालतं. हुदहुदाला भिंतीतलं किंवा ढोलीतलं भोक लागतं, आणि त्याच्याबाबत एक सूचना आहे. विणीच्या काळात मादीच्या शेपटीजवळच्या ग्रंथीतून असा स्राव येतो की घरट्याला सडक्या मांसासारखा वास सुटतो. डोक्यावर राजमुकुट, घरात हा दरवळ. तुमच्या बैठकीच्या खिडकीशी त्याला घर देण्याआधी घरच्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं.

या सगळ्यांच्या वर एक वर्ग आहे, तो स्वतः बांधतो. तांबट आणि सुतार. हे वाळक्या फांदीत भोक कोरतात, एक हंगाम राहतात आणि सोडून जातात. मग ती पुनर्विक्रीची घरं पोपट, साळुंकी, पिंगळा, दयाळ यांच्यात फिरत राहतात. म्हणजे शहरातली निम्मी घरबांधणी या दोघांच्या चोचीवर चालते, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे वाळकी फांदी. ती मात्र आपल्याला झाडावरचा डाग वाटते. रस्त्यावर पडून कुणाचं डोकं फुटेल अशी फांदी कापलीच पाहिजे, यात वाद नाही. पण बागेच्या कोपऱ्यात, जिच्याखाली कुणी बसत नाही, अशी वाळकी फांदीही आपण 'छान दिसत नाही' म्हणून तोडतो, आणि मग त्याच झाडाला बाजारातली पेटी टांगतो. आधी कॉलनी पाडायची आणि मग पुनर्वसन जाहीर करायचं, हा आपला राष्ट्रीय स्वभाव झाडापर्यंत पोचलाय.

दाराखालच्या दांडीबद्दल थोडं. चिमणीला दांडीची गरज नसते, ती थेट भोकाच्या काठाला धरून आत शिरते. दांडी लागते ती साळुंकीला, कावळ्याला आणि फोटो काढणाऱ्याला. दांडीचे धोके सगळ्यांत आधी सप्रयोग सिद्ध केले ते पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी. १९०६-०७ च्या सुमाराला, दहा-अकरा वर्षांचे असताना, त्यांनी तबेल्यातल्या भोकात चिमणीचं घरटं पाहिलं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर एका खिळ्यावर पहाऱ्याला. छोट्या सलीमने आपल्या बंदुकीने नर टिपला. थोड्या वेळात मादीने दुसरा आणला, तोही त्याच खिळ्यावर. तोही गेला. सात दिवसांत आठ नर त्या एका खिळ्यावरून गेले आणि दरवेळी जागा भरली गेली. पुढे त्यांनी आत्मचरित्रात ही नोंद दिली. पदभरतीचा एवढा वेग भारत सरकारच्या कुठल्याही खात्यात नंतर दिसलेला नाही. आपण यातून इतकंच घ्यायचं, की दाराशी खिळा किंवा दांडी असणं राहणाऱ्याच्या हिताचं नाही.

आता जागा. आमचे एक टाइप पाचवाले स्नेही आहेत. त्यांनी तीन पेट्या घेतल्या आणि पश्चिमेच्या बाल्कनीत एका ओळीत टांगल्या. खाली बाजरीची वाटी. वर कॅमेरा, मोबाइलवर दिसणारा. पहिला आठवडा ते कार्यालयातही कॅमेरा लावून बसत. संध्याकाळी वहिनी विचारायच्या, "अहो, आलं का कुणी?"

"येतील गं. अजून ऑर्डर निघाली नसेल."

ऑर्डर निघणार कुठून? दिल्लीच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पश्चिमेकडून लू येते. त्या भिंतीवर पत्र्याचं छप्पर म्हणजे दुपारी आत पापड भाजून निघेल. इथे पेटीचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला हवं, वर सज्जाची सावली हवी, बाजूच्या भिंतीत छपराखाली हवेसाठी दोन भोकं आणि तळाला पाणी निघायला चार. जमिनीपासून निदान अडीच-तीन मीटर उंच, मांजराची उडी पोचणार नाही अशी. आणि खाण्याची वाटी लांब. घराच्या दारात वाटी ठेवली की सगळा मोहल्ला दारात जमतो. त्यात बाळंतिणीने राहायचं कसं? चिमण्यांना शेजार आवडतो, त्यामुळे दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तर हरकत नाही. पण दयाळाच्या नराला दुसऱ्या नराची सावलीही खपत नाही. त्याला स्वतंत्र बंगलाच द्यावा लागतो.

शेवटी त्या तिन्हींतली एक पेटी भरली. खारीने. तिने दार कुरतडून आपल्या मापाचं करून घेतलं आणि आत कापूस, सुतळी आणि वहिनींच्या गादीतला काही भाग नेला. उरलेल्या दोन पेट्यांच्या छपरावर पारव्यांचं जोडपं बसतं. आत नाही, छपरावर. पारव्याला भोक नको, दार नको, टाइप नको. त्याला हातभर सपाट जागा आणि तुमचा एसी हवा. बाहेरच्या युनिटच्या मागे दोन काड्या टाकल्या की त्याचा गृहप्रवेश झाला. सगळ्या शहरात पक्ष्यांच्या घरांचा प्रश्न पूर्ण सुटलाय तो फक्त याचा, आणि त्याच्यासाठी आपण काही केलं नाही, फक्त पुण्य केलं, पोत्याने दाणे टाकून. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. एवढी कायदेशीर बाजू कुणा चिमणीच्या वाट्याला आलेली नाही.

न्यायालयावरून आठवलं. झाडाला पेटी लावणार असाल तर खिळा ठोकू नका. एक तर झाडाला दुखतं. दुसरं म्हणजे याच कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. एप्रिल २०१३ मध्ये या न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला आणि झाडांवरच्या पाट्या, जाहिराती, तारा उतरवायला सांगितलं होतं. त्याच्या दारासमोरच्या झाडाला हातोडी घेऊन 'होम स्वीट होम' ठोकणाऱ्याला मानवंदना द्यावी की वकील, हा प्रश्न आहे. पट्ट्याने बांधा आणि झाड जाड होईल तसा पट्टा सैल करत राहा. त्यापेक्षा भिंत बरी, भिंत जाड होत नाही.

आपण हे सगळं जिव्हाळ्याने करतो, हेही लक्षात घ्या. पूर्वी असं नव्हतं. कोपर्निकसच्याच शतकात आजच्या हॉलंड-बेल्जियमच्या मुलखात घरांच्या भिंतींवर मातीचे गडू टांगायचे. चिमण्या, तेलमैना त्यात अंडी घालायच्या. पिल्लं भरली की घरमालक मागच्या बाजूने हात घालून ती काढायचा आणि रात्री त्यांचा रस्सा व्हायचा. भाडं वसूल करण्याची इतकी खात्रीची पद्धत नंतर कुणाला सुचली नाही. इस्तंबूलच्या तुर्कांनी याच्या उलट केलं. मशिदींच्या, वाड्यांच्या भिंतींवर उंचावर दगडात कोरलेले पक्ष्यांचे छोटे महाल बसवले, मनोरे आणि घुमटांसकट. पुढे जर्मनीत बॅरन फॉन बर्लेप्श या जमीनदाराने सुताराची ढोली कापून, मोजून, हुबेहूब तशा पेट्या तयार करवल्या आणि पक्ष्यांनी त्या पटापट घेतल्या. त्याचं तंत्र एवढंच होतं, की नकाशा भाडेकरूकडून मागवला. आपल्या दिल्लीतही राकेश खत्री शाळाशाळांतून मुलांना बांबूच्या कामट्या आणि ताग वापरून घरटी करायला शिकवत आले आहेत. त्या घरट्यांना गुलाबी रंग नसतो, म्हणून ती बैठकीत शोभत नाहीत. चिमणीला मात्र शोभतात.

चिमणीचं घर शोधणं एकदा जवळून बघा. मंडी हाउसच्या चहाच्या टपरीशेजारी एका जुन्या भिंतीत एसीचा पाइप गेल्यावर उरलेलं भोक आहे, सिमेंटने अर्धवट बुजवलेलं. सकाळी नर त्याच्या काठावर येऊन बसतो, गळ्याखालचा काळा पट्टा फुगवतो आणि एकाच सुरात चिव-चिव करत राहतो, सदनिका दाखवणाऱ्या दलालाच्या उत्साहाने. मादी तारेवर. ती लगेच येत नाही. आधी एकदा भोकासमोर फडफडून परत जाते. मग काठाला लटकते, मान आत घालते, बाहेर काढते, डावीकडे बघते, उजवीकडे बघते आणि निघून जाते. नर आणखी मोठ्याने ओरडतो. ती पुन्हा येते, या वेळी शेपटीपर्यंत आत. मग पूर्ण आत. बराच वेळ शांतता. नराचा आवाज एकदम मवाळ होतो. ती बाहेर येते ती चोचीत एक वाळकी काडी घेऊन, आधीच्या कुणाची तरी, आणि ती खाली टाकून देते. साफसफाई सुरू झाली, म्हणजे घर पसंत पडलं. समोर दोन फुटांवर कुणीतरी हौसेने टांगलेली पिवळी पेटी होती. तिच्याकडे दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चहावाला म्हणाला, "वो तो शो-पीस है."

पुढचा हिशेब सोपा आहे. अंडी उबवायला बारा-तेरा दिवस, पिल्लं उडायला आणखी साधारण दोन आठवडे. पण त्या दोन आठवड्यांत पिल्लांना दाणे चालत नाहीत, किडे लागतात. आळ्या, मावा, नाकतोडे. म्हणजे बाग अशी हवी की जिथे फवारणीवाला दर शनिवारी येत नाही. मेंदीचं किंवा बोगनवेलीचं दाट कुंपण हवं, जिथे चिमण्या दुपारी एकत्र बसून भांडतील. मूठभर माती हवी अंगावर घ्यायला. घर मिळालं, पण आजूबाजूला किराणा नाही, दवाखाना नाही, बस नाही, अशा वसाहती माणसांसाठी आपण शहराबाहेर बांधल्या आणि लोक तिथे राहायला का जात नाहीत म्हणून समित्या नेमल्या. चिमण्यांसाठी निदान समिती तरी नेमू नका.

तेव्हा घर जरूर लावा. मार्चची वाट न बघता जानेवारीतच लावा. भोक ३२ मिमीचं, दांडी काढून टाकलेली, तोंड उत्तरेला, सावलीत, भिंतीवर. कॅमेरा नको, वाटी नको, उघडून बघणं नको. पिल्लं उडून गेल्यावरच साफ करा. आणि मग विसरून जा. हे शेवटचं या शहरात सगळ्यांत अवघड आहे, कारण दिल्लीत फीत कापल्याशिवाय आणि किल्ली देतानाचा फोटो काढल्याशिवाय आजवर कुणी कुणाला घर दिलेलं नाही. तुम्हालाही फीत कापायचीच असेल तर कापा. फक्त ती सुती आणि तुकडे बारीक करून तिथेच टाका, नायलॉनची नको, पिल्लांच्या पायात अडकते. सुती तुकडे चिमणी स्वतः उचलून नेईल, आणि आपल्या उद्घाटनाचा कुणाला तरी उपयोग झाल्याची दिल्लीतली ती पहिलीच नोंद असेल.